अनुभव धागा : इंग्रजीतील अवघड शब्द तुम्ही कसे शिकलात?

विश्रामबागकर, सांगली
माझी भाची सध्या जीआरईची, म्हणजे परदेशी उच्च शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करीत आहे. तिच्या सराव-पुस्तकात विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे प्रश्न कुठेच दिसेनात, म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलले आणि ते प्रश्न वगळण्यात आले. आमच्या वेळी त्याच प्रश्नांसाठी साडेतीन हजार शब्दांची यादी वर्णानुक्रमे घोकण्याची रीत होती, आणि ‘सी’च्या पुढे पोहोचलेला मुलगा खोलीत विद्वान गणला जाई. या रीतीत शेजारी-शेजारी येणारे, सारखे दिसणारे शब्द एकमेकांत मिसळून जात. आता मात्र उताऱ्यातील रिकामी जागा भरावी लागते, म्हणजे अर्थाबरोबर शब्दाची संगतही, म्हणजे कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द शोभतो हेही, ठाऊक असावे लागते. ही संगत आपण कशी शिकलात, ते लिहावे.

निवृत्त मास्तर, वाई
राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी मराठी माध्यमाची मुले पाचवीत एबीसीडी गिरवीत असत. त्यामुळे अवघड शब्दांआधी सोप्या शब्दांची संगतच शिकवावी लागे. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि इंजिन ‘पॉवरफुल’. ही विशेषणे अदलाबदल केली तर व्याकरण शाबूत राहते, पण ऐकणारा हसतो. आपणही चहाला कडक म्हणतो, बलवान म्हणत नाही. हॉर्न्बी या इंग्रज शिक्षकाचा इंग्रजी कोश याच कारणासाठी मला प्रिय आहे, कारण जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असताना त्यांनी तो परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचला आणि शब्द वाक्यात कसा बसतो हेही त्यात दाखवले.

परिचारिका, मिरज
रुग्णालयातील कामाची पाळी संपवून घाईने लिहीत आहे. आमच्याकडे पाठांतराला पर्याय नव्हता, परंतु शब्द फोडता आला की ओझे निम्मे होते. ‘आयटिस’ म्हणजे दाह आणि ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, एवढे कळले की अपेंडिक्सचे ‘अपेंडिसायटिस’ आणि ‘अपेंडेक्टमी’ हे दोन्ही शब्द आपोआप उलगडतात. गोंधळ होतो तो मूत्रपिंडाच्या बाबतीत, कारण ‘नेफ्रायटिस’मध्ये ग्रीक शब्द आहे आणि ‘रीनल’मध्ये लॅटिन, एकाच अवयवाला दोन भाषांनी वाटून घेतले आहे.

कराडकर
मास्तर, उच्चारांचे काय? देवनागरीत लिहिले तसे वाचण्याची सवय असल्याने आमच्या वसतिगृहात ‘एपिटमी’ला सर्रास ‘एपिटोम’ आणि ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हटले जाई, आणि सगळेच तसे म्हणत असल्याने कोणालाही शंका येत नसे!

निवृत्त मास्तर, वाई
कोशात शब्दापुढे उच्चाराची खूण असते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. मुलांची नजर थेट अर्थावर जाते.

उमेदवार, फलटण
मला बँकेच्या परीक्षेसाठी विचारायचे आहे. रोज किती शब्द करावेत? मी रात्री पन्नास करते आणि सकाळी त्यांतील बरेच आठवत नाहीत.

विश्रामबागकर, सांगली
ताई, हे तुमच्याच बाबतीत घडते असे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक विसरले जाते. म्हणून पन्नास नवे शब्द घेण्यापेक्षा दहा घ्यावेत आणि जुन्यांची उजळणी वाढत्या अंतराने करावी. अशा उजळणीसाठी जर्मन पत्रकार लाइटनर यांची युक्ती सोपी आहे : प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करून ती खोक्यात कप्प्यांनी लावावीत, आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि विसरलेले पुन्हा पहिल्यात येते. पुढचे कप्पे तितक्या लवकर उघडायचे नाहीत. कार्डावर नुसता अर्थ न लिहिता एक पूर्ण वाक्य लिहावे, हा मात्र माझा आग्रह आहे.

उमेदवार, फलटण
कार्डे विकत घ्यावी लागतील का?

परिचारिका, मिरज
मुळीच नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्याव्यात. माझा सारा अभ्यास त्यांवरच झाला. फक्त चकाकणाऱ्या पत्रिका घेऊ नका, त्यांवर शाई पसरते.