तातडीने मदत हवी: मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का?

रानवाट: आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. उजव्या डोळ्याची तारीख सोमवारची. मामा अडून बसलेत, "पिकू दे, कच्चा काढायचा नसतो." त्यांनी आणलेला मध डोळ्यात घालायला लागल्यापासून आई चष्म्याशिवाय पोथी वाचतेय! तारीख रद्द करू का? आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

माधवी_ताई: वय? शुगर? लांबचं कसं दिसतं?

भटक्या: पावसाळ्यात अजिबात नको. आमच्या वडिलांचं दिवाळीनंतर केलं, मस्त झालं.

अनुजा_क: ऋतूचा संबंध नाही हो. पूर्वी मोठी चीर, टाके, म्हणून लोक गार हवा बघायचे. आता फेकोत (ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढायची पद्धत) दोन-तीन मिलिमीटरची चीर असते, बहुतेकदा टाकाही लागत नाही.

भटक्या: दमट हवेत जंतू वाढतात, एवढं तरी मान्य करा.

अनुजा_क: ऑपरेशन निर्जंतुक खोलीत होतं, अंगणात नाही.

रानवाट: भांडू नका प्लीज. वय ६८, शुगरची गोळी चालू आहे. बसची पाटी वाचता येत नाही, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. पण पोथी वाचतेय ना!

अनुजा_क: तेही मोतीबिंदूमुळेच असू शकतं. भिंगाचा मधला भाग घट्ट झाला की त्याची ताकद वाढते, नंबर मायनसकडे सरकतो आणि काही काळ जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अजून निघालेले नाहीत. मध आजच बंद करा, घरातला मध निर्जंतुक नसतो. आणि तो घातलाय हे डॉक्टरांना नक्की सांगा. फार पिकला तर भिंग कडक होऊन ऑपरेशन अवघड जातं, कधी काचबिंदूही होतो.

गोदाकाठ: रोज गाजराचा रस द्या. माझा चष्मा वाढलेला नाही.

माधवी_ताई: गाजर अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणाला उपयोगी, मोतीबिंदूला नाही. रानवाट, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासलाय का? शुगरवाल्यांचं ते आधी बघतात. मोतीबिंदू दाट झाला की पडदा नीट दिसतच नाही, थांबण्यात हाही तोटा.

सह्यसखा: मल्टिफोकल भिंग (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं कृत्रिम भिंग) घ्या, चष्माच सुटेल.

माधवी_ताई: त्यांनी ते विचारलंय का? शिवाय पडदा खराब असेल तर ते भिंग सहसा टाळतात.

रानवाट: फोन केला, मधाचंही सांगितलं. उद्या सकाळी पडदा आणि शुगर दोन्ही तपासणार, मग सोमवारचं नक्की करतील. त्या दिवशी शुगरची गोळी द्यायची की नाही?

माधवी_ताई: ते उद्या त्यांनाच विचारा आणि लिहून घ्या.