रॉमकॉम मांगा: अ‍ॅनिमे संपल्यावर कुठून वाचायला घ्यावं? (होरिमिया, कागुया-सामा, नोझाकी-कुन)

पावसाळी_दुपार

'होरिमिया'चा २०२१चा अ‍ॅनिमे आणि 'कागुया-सामा'चे तिन्ही सीझन बघून झालेत. आता मांगा (जपानी चित्रकथा) वाचायचाय. तीन प्रश्न आहेत.

१) अ‍ॅनिमे जिथे थांबला तिथून पुढे वाचलं तर चालेल, की पहिल्या खंडापासून घ्यावं?
२) मोबाइलवर वाचताना विनोद तितका लागत नाही. काही सेटिंग चुकतंय का?
३) 'नोझाकी-कुन'मध्ये चौकटी कुठल्या क्रमाने वाचायच्या? पानाचा अर्थच लागत नाही.

पुढचं कथानक फोडू नका, प्लीज.

टोन_एकसष्ट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही मालिकांसाठी वेगवेगळं आहे.

होरिमिया पहिल्या खंडापासूनच घ्या. मूळ वेबकॉमिक (इंटरनेटवरची चित्रकथा) 'हीरो' या टोपणनावाच्या लेखकाचं, आणि दाइसुके हागिवारा यांनी ते नव्याने रेखाटून २०११ ते २०२१ मासिकात चालवलं. मुख्य कथा १६ खंडांची. क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने ती १३ भागांत थेट शाळेच्या निरोपापर्यंत नेली. म्हणजे 'अ‍ॅनिमे थांबला तिथून पुढे' असं काही उरतच नाही. जे गळलं ते शेवटचं नाही, मधलं आहे. या मालिकेत नायिका होरी आणि नायक मियामुरा फार लवकर एकत्र येतात. त्यानंतरची गंमत सगळी रोजच्या किरकोळ प्रसंगांत आहे: वर्गातल्या फुटकळ गप्पा, सेन्गोकू आणि रेमीची जोडी, होरीच्या घरातली वर्दळ. कात्री नेमकी तिथेच लागली. अ‍ॅनिमेचा उत्तरार्ध उड्या मारत गेल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच.

२०२३मध्ये आलेला 'द मिसिंग पीसेस' (हेही १३ भाग) हा दुसरा सीझन समजून बघू नका. गाळलेले चॅप्टर त्यात घेतलेत आणि ते पहिल्या अ‍ॅनिमेच्याच काळात घडतात. पुढची गोष्ट शोधत बसलात तर हिरमोड होईल.

कागुयाचं बरोबर उलट. ए-वन पिक्चर्स स्टुडिओने २०१९, २०२० आणि २०२२च्या तीन सीझनमध्ये बहुतेक सगळा मजकूर घेतलाय. काही चॅप्टर मागेपुढे केलेत, थोडे वगळलेत. तिसरा सीझन सांस्कृतिक महोत्सवावर संपतो, तो प्रसंग १४व्या खंडात आहे. पण थेट पुस्तकाकडे वळू नका. डिसेंबर २०२२चा 'द फर्स्ट किस दॅट नेव्हर एंड्स' हा चित्रपट आधी बघा. चित्रपट म्हटला की ती जोडकथा असणार असं धरून लोक तो सोडतात, पण ही मुख्य कथाच आहे आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटाला थेट जोडलेली आहे. तो झाला की १४वा खंड हातात घ्या. चित्रपटात आलेला मजकूर पुन्हा वाचायला मिळेल आणि लय सापडेल. एकूण खंड २८.

एक गोष्ट मात्र सांभाळा. अ‍ॅनिमेत युताका आओयामा यांचा निवेदक नायक-नायिकेचा एकमेकांकडून प्रेमाची कबुली काढून घ्यायचा प्रत्येक डाव समजावून सांगतो. मांगात तेच काम निवेदनाच्या चौकोनांवर सोपवलेलं आहे आणि त्यांत मजकूर दाट असतो. घाईत ते ओलांडून फक्त संवाद वाचले तर विनोद हमखास हुकतो. 'समोरच्याला काय कळलंय असं मला वाटतंय' यावरच इथला सगळा डाव उभा असतो, आणि ते चेहऱ्यांवर दिसत नाही.

चौथी_चौकट

दुसरा प्रश्न: तुम्ही बहुधा उभं स्क्रोल लावून वाचताय. तिथेच घोळ आहे.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आधी उजवं पान, मग डावं. डाव्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीनंतर पान उलटायचं. चित्रकार ताण धरणारी चौकट मुद्दाम तिथे ठेवतो: कुणीतरी दार उघडतंय, कुणाचे डोळे विस्फारलेत. उत्तर पान उलटल्यावर, उजव्या पानाच्या वरच्या चौकटीत. स्क्रोल करताना प्रश्न आणि उत्तर एकाच नजरेत येतात आणि विनोद आधीच फुटतो. प्रेमाची कबुली, गैरसमज, दारात अचानक उभा राहिलेला माणूस, रॉमकॉमची ही सगळी हत्यारं पान उलटण्यावर चालतात. म्हणून 'पान-पान' मोड आणि दिशा उजवीकडून डावीकडे. टॅब असेल तर आडवा धरून दोन पानं शेजारी लावा. वेबटून (मोबाइलवर वाचायच्या उभ्या चित्रकथा) मात्र स्क्रोलसाठीच रचलेले असतात, त्यांना हे लागू नाही.

तिसरा: 'नोझाकी-कुन' हा चार चौकटींचा मांगा आहे. अशा मांगात पानावर दोन उभे रकाने असतात. आधी उजवा रकाना वरून खाली चारही चौकटी, मग डावा रकाना वरून खाली. प्रत्येक रकाना म्हणजे एक स्वतंत्र पट्टी, माथ्यावर तिचं छोटं शीर्षक असतं. नेहमीच्या मांगाच्या सवयीने आडवं वाचलं की दोन वेगळे विनोद एकमेकांत मिसळतात. तुमचं हेच होत असणार.

पट्टीची रचनाही ठरलेली: मांडणी, वाढ, कलाटणी, शेवट. कलाटणी तिसऱ्या चौकटीत, म्हणून तिथे क्षणभर थांबा. डोगा कोबो स्टुडिओच्या २०१४च्या १२ भागांच्या अ‍ॅनिमेने हे फार सुंदर पकडलंय. चौथ्या चौकटीनंतर एक श्वासभर शांतता ठेवतात आणि मग पुढची पट्टी जोडतात. मांगात ती शांतता आपणच ठेवायची.

नोझाकीमध्ये कोण काय करतं हे डोक्यात पक्कं असू द्या, कारण अर्धे विनोद मांगाच्या कामावरच आहेत. नोझाकी स्वतः शोजो मांगा (मुलींसाठीच्या प्रेमकथा) काढतो. साकुरा काळे भाग भरते, मिकोशिबा फुलं आणि चमचमाट काढतो, होरी-सेम्पाई (वरच्या वर्गातला होरी, 'होरिमिया'तली नव्हे) पार्श्वभूमी, वाकामात्सु स्क्रीनटोन (छटेसाठी चिकटवायचे ठिपक्यांचे तयार कागद). सायकलवर डबलसीट बसणं नियमात बसत नाही म्हणून नोझाकी आपल्या मांगातल्या जोडीला दोघांनी मिळून चालवायची दोन सीटांची सायकल देतो, त्यातली गंमत शोजोमधला तो नेहमीचा प्रसंग माहीत असला की दुप्पट होते. दोन-तीन जुन्या शोजो मालिका आधी चाळल्यात तर हा मांगा जास्त उलगडेल.

गच्चीवरचा_वारा

टोन_एकसष्ट यांच्याशी थोडा मतभेद. होरिमिया आधी अ‍ॅनिमेत पाहिला हे चांगलंच झालं. भावनेच्या जागी माणसं सपाट रंगांच्या आकृत्यांसारखी दाखवायची तिथली पद्धत मांगात नाही, आणि मियामुराच्या एकटेपणाचे प्रसंग पडद्यावर जास्त लागतात. विनोदासाठी मांगा, हळव्या प्रसंगांसाठी अ‍ॅनिमे, असं मी म्हणेन.

यानंतर काय, असं विचाराल तर 'ताकागी-सान'. सोइचिरो यामामोतो, २० खंड, तीन सीझन (२०१८, २०१९, २०२२) आणि एक चित्रपट. अ‍ॅनिमेतलं गाव शोदोशिमा बेटावरचं आहे. मांगात नसलेल्या तीन मैत्रिणींचे प्रसंग अ‍ॅनिमेत मधून मधून दिसतील. ते त्याच लेखकाच्या दुसऱ्या मांगातून घेतलेत, त्यामुळे आपल्या पुस्तकात पानं कमी आहेत की काय अशी शंका नको. ती खोडी काढते, तो फसतो, हा साचा सगळीकडे तोच. एका बैठकीत अख्खा खंड वाचला तर कंटाळा येतो. दोन-तीन चॅप्टर वाचून बाजूला ठेवा.

पावसाळी_दुपार

रकान्यांचं कळलं, आता पट्ट्या सरळ लागतायत. टॅबवर दोन पानं लावली, पण मोठं जोडचित्र मधोमध फाटतंय. अर्धं या जोडीत, अर्धं पुढच्या.

चौथी_चौकट

अ‍ॅप मुखपृष्ठालाही जोडीत धरतंय, म्हणून सगळं एका पानाने सरकलंय. 'मुखपृष्ठ वेगळं' किंवा 'एक पान सरकवा' असा पर्याय बघा. तपासायला सोपी खूण: उजवीकडून उघडणाऱ्या पुस्तकात विषम क्रमांकाचं पान डावीकडे आणि सम उजवीकडे पडतं. कोपऱ्यात छापलेला आकडा सापडेल असं एक पान शोधा आणि ताडून घ्या. खंडाच्या मध्यावर पुन्हा बिघडलं तर अ‍ॅपने एखादं कोरं पान गाळलेलं असतं. तेवढ्यापुरतं परत एक पान सरकवा.