मदत हवी आहे : पेजमेकरमधल्या जुन्या मराठी पुस्तकाचं ई-पब कसं करावं?

जिंतूर तालुक्यातल्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक ई-पब (ई-बुकचा एक फाइल-प्रकार) करायचंय. परभणीच्या छापखान्याकडून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल मिळाली, पण फॉन्ट युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांच्या) आधीच्या काळातला, श्रीलिपीचा. मूळ वह्या आता नाहीत, म्हणून एकही अक्षर बदललेलं चालणार नाही.

लिब्रे ऑफिसच्या ड्रॉमध्ये फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफमधून कॉपी केलं तरी तेच. नेटवरच्या एका कन्व्हर्टरने बराच मजकूर युनिकोडमध्ये आला, पण जोडाक्षरावरची पहिली वेलांटी भलत्या जागी जाते, रफार पुढच्या अक्षरावर बसतो आणि ‘दळणाऱ्या’मधला अर्धा र तर पार तुटतो. शिवाय ओवीच्या चारही ओळी एका परिच्छेदात गोळा होतात.

जुना फॉन्टच ई-पबमध्ये घालायचा सल्ला कृपया नको. दिसेल बरोबर, पण शोध चालणार नाही आणि मोबाइल वाचून दाखवणार नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी तेच तर हवंय.

विंडोज १० आहे. ई-पब संपादनाचं सिजिल आणि ई-बुक रूपांतराचं कॅलिबर दोन्ही टाकलेत. इनडिझाइन (पानं मांडायचं नंतरचं सॉफ्टवेअर) नाही, पण त्याच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडतात, तेव्हा गरज पडली तर कुणाकडून तेवढं करून घेईन.

आता विचारायचं ते असं : वर्डमध्ये युनिकोड करून, तपासून मगच ई-पब बनवावं, की आधी ई-पब करून सिजिलमध्ये रेजेक्सने (नमुना देऊन शोधा-बदला करून) बदलावं? आणि वेलांटी-रफार नीट हलवणारा मॅक्रो (आपोआप बदल करणारी छोटी आज्ञावली) कुणी वापरलाय का?