मदत हवी आहे: एकाच कानाने ऐकू येतं, टेबलटॉप कन्व्हेन्शनचे तीन दिवस कसे आखू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात एका टेबलटॉप गेमिंग कन्व्हेन्शनला, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांच्या मेळाव्याला जातेय, शुक्रवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत. पास काढून झालाय. सत्रांची नोंदणी मात्र अजून पाच दिवस बदलता येते, म्हणून घाईने लिहितेय.

मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं, त्यात तो कान गेला. उजवा ठणठणीत आहे, त्यामुळे घरी चार-पाच जणांत खेळताना कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठ्या हॉलमध्ये मात्र पंचाईत होते. दोन्ही कान चालू असले की आवाज कुठून येतोय हे मेंदू ओळखतो आणि नको तो आवाज बाजूला सारतो. एका कानावर ते साधत नाही. शेजारच्या टेबलावरचे फासे, मागचा हशा, माइकवरची घोषणा आणि समोरच्याचं वाक्य, सगळं सारख्याच जोराने आदळतं. शिवाय डावीकडून कुणी बोललं तर त्याचा आवाज माझ्याच डोक्याआड अडतो.

गेल्या वर्षी एकच दिवस गेले होते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीचं (पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) चार तासांचं सत्र, सहा खेळाडू आणि जीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारे गेम मास्टर. पहिला तास बरा गेला. मग हॉल भरला. जीएमनी काहीतरी विचारलं, त्यातलं मला फक्त 'दार' कळलं. मी वीस बाजूंचा फासा टाकला, अठरा पडले, आणि मी खुशीत सांगितलं की मी दार ढकलते. टेबल गप्प झालं. दार केव्हाच उघडलेलं होतं. आत पडलेल्या जखमी पहारेकऱ्याशी कोण बोलणार, असं ते विचारत होते. कुणी मला काही म्हणालं नाही. पण पुढचे दोन तास मी नुसती मान डोलावत बसले. शेवटच्या लढाईत उजवीकडच्या मुलाने न विचारता आपली वही माझ्यापुढे सरकवली. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तुमची पाळी. दोन उरलेत. पुलावर.' तेवढ्यावर मी ती लढाई खेळले, आणि फार मजा आली. त्या वहीमुळेच यंदा पूर्ण वीकेंड जायचं ठरवलं.

आत्ता नोंदणी अशी आहे: शनिवारी सकाळी आरपीजी, चार तास. शनिवारी रात्री वेअरवूल्फ (गावकऱ्यांत लपलेले लांडगे ओळखायचा खेळ), पंधरा-सोळा जण. रविवारी सकाळी पँडेमिक, जगाच्या नकाशावर सगळ्यांनी मिळून रोगाची साथ रोखायचा खेळ. उरलेल्या वेळात गेम लायब्ररीतून खेळाचा डबा घ्यायचा आणि रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचं.

खेळांचा विचार मी बराच केलाय. अझुल (२०१७) किंवा कारकासोन (२०००) मला निश्चिंत खेळता येतात, कारण जे आहे ते सगळं टेबलावर उघडं असतं. कारकासोनमध्ये उचललेली फरशी सर्वांना दिसते, कुणी काय म्हणालं हे हुकलं तरी डाव हुकत नाही. तिकीट टू राइडही तसंच, पाच पत्ते उताणे पडलेले असतात आणि बोलण्याची गरज फार थोडी. हनाबीमध्ये आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, बाकीचे इशारे देतात, आणि इशारा देताना नियमानेच त्या पत्त्यांकडे बोट दाखवावं लागतं, हे मला फार आवडतं. रंग की आकडा एवढंच कानाने पकडायचं. कोडनेम्स मात्र कठीण. टेबलावर २५ शब्द, त्यातले आपले ओळखायचे, आणि इशारा एकाच शब्दाचा. तोच निसटला की संपलं. पँडेमिकचं तर काय सांगू, तो पूर्ण खेळच चर्चेवर चालतो, चौघं एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालून बोलतात. पण मला तो मनापासून आवडतो, सोडवत नाही.

तर विचारायचं ते असं. आरपीजीच्या टेबलावर नेमकं कुठे बसू? जीएम टोकाला बसतात. मी त्यांना लागून, ते उजव्या हाताला येतील अशी बसले तर त्यांचं ऐकू येतं, पण बाकीचे डावीकडे जातात. दूरच्या टोकाला बसले तर सगळे उजवीकडे येतात, पण जीएम लांब. दुसरं, कानाचं आधी कळवावं का, आणि कुणाला? खेळ सुरू झाल्यावर सांगायला गेलं की सगळ्यांचा विरस होतो असं वाटत राहतं. तिसरं, सलग तीन दिवस ऐकण्याचा शीण कसा सांभाळता? मागच्या वेळी घरी आल्यावर डोकं असं ठणकत होतं की दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलवेना. आणि वेअरवूल्फ रद्द करू का? तिथे 'रात्र झाली' की सगळे डोळे मिटतात. माझं निम्मं ऐकणं ओठांवरून चालतं, डोळे मिटल्यावर काहीच हाती उरत नाही.

प्रतिसाद १

कन्व्हेन्शनमध्ये मी बरीच वर्षं जीएम म्हणून बसतोय, म्हणून बसण्यापासून सुरुवात करतो. तुम्ही जीएमला हलवा. आम्ही टोकाला बसतो ती निव्वळ सवय आहे. मी स्वतः आता लांब बाजूच्या मधोमध बसतो, सहाही जणांपर्यंत आवाज सारखा पोचतो. तुम्ही माझ्या समोरच्या बाजूला, तुमच्या डाव्या टोकाची खुर्ची घ्यायची. मी समोर, बाकी सगळे समोर किंवा उजवीकडे, डावीकडे कुणीच नाही. तिथे भिंत आली तर फारच छान.

कळवायचं नक्की, आणि दोघांना. आयोजकांना आजच मेल करा, कारण टेबलांची वाटणी आधी ठरते. आरपीजीसाठी वेगळी खोली मिळते का ते थेट विचारा. अमेरिकेतल्या जेन कॉनसारख्या मोठ्या कन्व्हेन्शनमध्येसुद्धा आरपीजीची कितीतरी सत्रं आजूबाजूच्या हॉटेलांच्या खोल्यांत होतात. मग सत्राच्या दहा मिनिटं आधी जाऊन जीएमना भेटा. 'मला डावीकडून ऐकू येत नाही, माझी पाळी आली की हाताने खूण करा' एवढं पुरतं. खेळाडू जमण्याआधी सांगितलंत की विरस होण्याचा प्रश्नच येत नाही.

लढाईत कुणाची पाळी आहे हे कळण्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचे दुमडलेले तुकडे नावं लिहून जीएमपुढे उभ्या असलेल्या आडोशाच्या पडद्यावर क्रमाने अडकवतो. तुमच्या जीएमकडे नसतील तर सात-आठ तुकडे तुम्हीच न्या, कुणीही खुशीने वापरेल. आणि सत्र निवडताना वर्णन वाचा: नकाशा आणि मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) वापरणार असं लिहिलेलं सत्र घ्या. कोण कुठे उभं आहे हे दिसत असेल तर 'पुलावर' हा शब्द हुकला तरी चालतो.

प्रतिसाद २

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते, तेव्हा शिणाबद्दल मीच बोलते. तो शीण खरा असतो. तुटक ऐकलेल्या वाक्यातल्या गाळलेल्या जागा मेंदू सतत भरत असतो, आणि ते काम दिसत नसलं तरी थकवतं. दोन आवाजी सत्रं पाठोपाठ घेऊ नका. आरपीजीनंतर किमान दीड तास मोकळा ठेवा आणि तो हॉलच्या बाहेर काढा; प्रदर्शनाच्या दालनात फिरणं म्हणजे विश्रांती नव्हे. लायब्ररीचे खेळ सकाळी दालन उघडल्या उघडल्या खेळा, तेव्हा टेबलं रिकामी असतात.

फोनवरच्या लाइव्ह ट्रान्स्क्राइबवर फार विसंबू नका. हॉलमध्ये ते शेजारच्या टेबलाचं बोलणंही लिहून टाकतं. खोलीत मात्र उपयोगी पडतं.

खेळांच्या यादीत दोन वाढवा. द माइंड (२०१८) मध्ये हातातले पत्ते चढत्या क्रमाने टाकायचे असतात आणि बोलायची, खुणा करायचीही मनाई असते. मॅजिक मेझ (२०१७) मध्ये वाळूचं घड्याळ सुरू असताना बहुतेक वेळ बोलायचं नसतं; कुणी काही करावं असं वाटलं की त्याच्यापुढे एक लाल सोंगटी आपटायची. त्या टेबलावर पहिल्यांदा बसले तेव्हा सगळे माझ्यासारखे खेळत होते. नुसते डोळे आणि हात.

पँडेमिक सोडू नका. प्रत्येकाने आपल्या पाळीला आधी नकाशावर बोट ठेवायचं आणि मग बोलायचं, एवढाच नियम मागून घ्या. बोट शहरावर पडलं की कशाबद्दल चाललंय हे कळतं. आणि चौघांऐवजी तिघांत खेळा.

प्रतिसाद ३

वेअरवूल्फबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रद्द करू नका, सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणाऱ्या व्हा. रात्रभर डोळे उघडे ठेवणारा आणि बोलणारा तोच एकटा. लांडगे कुणाला मारायचं ते बोटाने दाखवतात, भविष्यवेत्ता, म्हणजे अमुक जण लांडगा आहे का हे रात्री विचारणारा खेळाडू, तोही बोटानेच विचारतो, आणि तुम्ही मानेने उत्तर देता. पूर्ण रात्र खुणांवर चालते. दिवसा गलका होतो खरा, पण त्यातलं प्रत्येक वाक्य सूत्रधाराला कळायची गरज नसते. मतं हात वर करून घ्या आणि मोजा. या कामाला लोक सहसा मागे सरतात, त्यामुळे तुम्ही हात वर केलात तर आयोजक आनंदाने देतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही खूप आभार. काल रात्रीच मेल केला, सकाळी उत्तर आलं. आरपीजीला खोली मिळतेय. तिथे दोन टेबलं असतील, आणि आमचं भिंतीला लागून आहे. भिंत माझ्या डावीकडे येईल अशी खुर्ची मी नकाशावर खूण करून पाठवली. जीएमना लांब बाजूला बसायची विनंती कळवतो म्हणालेत. शनिवारी दुपारची जागा मोकळी ठेवली. पँडेमिकचं टेबल तिघांचं करून मागितलं, त्याचं अजून ठरायचंय.

पुठ्ठ्याचे आठ तुकडे कापून झाले. पाठीमागच्या बाजूलाही नाव लिहिलंय, म्हणजे पडद्याच्या दोन्हीकडून वाचता येईल.

प्रतिसाद ३, तुमचं वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षं त्या खेळाची मला रात्रीचीच धास्ती होती, आणि ती पूर्ण रात्र शब्दांशिवाय चालते हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. सूत्रधार म्हणून नाव दिलंय. आता एवढंच सांगा: सोळा जणांत लांडगे तीन ठेवू की चार? आणि पहिल्या रात्री आधी कुणाला उठवता, लांडग्यांना की भविष्यवेत्त्याला? क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतेय.