मदत हवी आहे: श्वासनलिकाच कापल्यावर श्वास देतात कुठून?

आम्ही खानापूर तालुक्यातले. थोरला भाऊ गाडीवरून पडला, बेळगावात १६ दिवस व्हेंटिलेटरवर होता. घरी येऊन हिंडाफिरायला लागला आणि महिन्याभरात चढावर दम लागू लागला. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. दोन महिने ओढला, काडीचा फरक नाही. आता श्वास आत घेताना अशी शिट्टी वाजते की सोप्यातली माजघरात ऐकू येते. उशांना टेकून बसूनच झोपतो.

सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका एका जागी ६ मिलिमीटर रुंदच उरलीय. व्हेंटिलेटरच्या नळीच्या फुग्यानं आतून दाबून जखम झाली, ती भरताना आवळली. तेवढा तुकडा कापून टोकं जोडायची म्हणतात. संमतीपत्र कन्नडमध्ये. मला बोलण्यापुरतं कन्नड येतं, हे वाचवत नाही. नर्सबाईंनी वाचून सांगितलं, त्यात 'श्वास बंद पडण्याचा धोका' आलं आणि वहिनी सहीला तयार नाही. खरं सांगायचं तर मलाही कळेना, कापलेल्या नळीतून हवा जाणार कशी?

प्रतिसाद: मिरजेत बरीच वर्षं थिएटर टेक्निशियन होतो, म्हणून लिहितो. अशा पेशंटला एकदम गाढ झोपवत नाहीत. बहुतेकदा त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच भूल हळूहळू चढवतात. सर्जन स्टीलची सरळ दुर्बीण घेऊन शेजारी उभे असतात. श्वास अडलाच तर ती आवळलेल्या जागेतून पार नेतात, तिच्यातूनच ऑक्सिजन देता येतो. श्वासनलिका कापली की तिच्या खालच्या टोकात जखमेतूनच दुसरी निर्जंतुक नळी घालून मशीनला जोडतात. टाके घालायला ती मिनिटभर काढायची, ऑक्सिजन उतरायला लागला की परत घालायची. हे आत-बाहेर कितीदा तरी चालतं. मागचे टाके झाले की भुलेसाठी तोंडातून घातलेली नळी जोडाच्या खाली सरकवतात आणि पुढचे टाके घालतात.

दुर्बीण त्यांच्याकडे आहे ना, एवढं विचारा. बसल्या जागी शिट्टी वाजते म्हणजे दिवस घालवू नका. आणि जोडावर ताण नको म्हणून काही दिवस हनुवटी छातीशी टाक्यानं बांधतात, ते वहिनींच्या कानावर आधीच घाला.

धागाकर्ता: वाचून दाखवलं. हनुवटीचं ऐकून म्हणाली, मग जेवायचं कसं? सही करते म्हणालीय, पण त्याआधी हे डॉक्टरांना विचारणार आहे.