दहावीचा टक्का बघून जि.प. प्रशाला 'गेली' म्हणायची का?

बालाघाटकर
दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात दरवर्षी तेच. बसस्टँडपासून तहसीलपर्यंत खासगी शाळांचे फ्लेक्स, 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम', खाली लेकरांचे फोटो, आणि हॉटेलात चहा पिणारी माणसं जि.प. प्रशालेचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हायस्कूलचा, आकडा काढतात अन् म्हणतात ती शाळा गेली आता. ह्यातली निम्मी माणसं त्याच प्रशालेत शिकलेली आहेत.

माझं म्हणणं एवढंच की तो टक्का शाळेचा नसतोच, परीक्षेला बसवलेल्या पोरांचा असतो. समजा एका शाळेत नववीला १०० पोरं. त्यातली २५ कच्ची पोरं नववीतच नापास केली, कारण आठवीपर्यंत नापास करणं अवघड असतं, नववी ही पहिली मोकळी जागा. अजून १० जणांच्या बापाला बोलावून सांगितलं की दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे शाळेत न येता बाहेरून परीक्षा द्या. राहिले ६५, ते सगळे पास, फ्लेक्सवर १०० टक्के. आता प्रशालेत तेवढीच १०० पोरं होती, ९५ दहावीला बसली, ८० पास झाली, निकाल ८४ टक्के. कुठल्या शाळेनं जास्त लेकरं पार नेली ते तुम्हीच सांगा.

दुसरं, तो टक्का बोर्डाच्या नियमावर किती हलतो ते बघा. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ होता, २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत २० मार्क काढले तर ७७.१० वर आला, २०२० ला ते मार्क परत दिले तर ९५.३०. ह्या तीन वर्षांत लेकरं ढ होऊन परत हुशार झाली का? आणि शाळा?

मांजराकाठ
असहमत. कळकळ पोचली दादा, पण मी पालक म्हणून बोलते. माझी मुलगी आठवीपर्यंत प्रशालेतच होती. विज्ञानाला सरच नव्हते. पद रिकामं. गणिताचे सर तेच विज्ञान घ्यायचे आणि त्यांनाच बीएलओची ड्युटी, म्हणजे मतदार यादीचं काम निघालं की दोन्ही विषय बंद. मी मुख्याध्यापकांना तीनदा भेटले, ते माणूस म्हणून चांगले, पण म्हणाले ताई मागणी केलीय, वरून येईना. मग काढलं तिला. ३५ हजार फी भरते आता, मिस्टरांचं पानटपरीचं उत्पन्न आणि माझी शिलाई, यातून.

तुम्ही म्हणता टक्का खोटा. असेल. पण माझ्यापुढे दुसरं काय आहे बघायला? शंभरातली किती पार झाली हा तुमच्या अभ्यासाचा विषय आहे, मला एकच पोरगी आहे नववीत आणि तिचं हे वर्ष परत येणार नाही. आणि एक सांगा, प्रशालेतल्या किती शिक्षकांची स्वतःची लेकरं प्रशालेत आहेत? गावाला हे दिसतं. बदनामी फ्लेक्समुळं झाली नाही, ह्याच्यामुळं झाली.

खरंबोलतो
मांजराकाठ ताईंशी शंभर टक्के सहमत. परिस्थिती परिस्थिती किती वर्षं सांगायची. बोर्डाची लेखी परीक्षा ही एकच गोष्ट अशी आहे जी शाळेच्या हातात नाही, पेपर बाहेरचा, तपासणारा बाहेरचा. ती पण मानायची नाही म्हटल्यावर मग मानायचं काय, मुख्याध्यापकांचं भाषण? आणि आपण लातूर विभागातले लोक आहोत, आपल्याला निकालाची लाज कशाला. २०२५ ला राज्यात २११ पोरांना दहावीला १०० टक्के मार्क पडले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. ही पोरं आकाशातून पडली नाहीत, शाळांनी जादा तास घेतले, सकाळी सहाला बोलावलं, रविवारी पेपर घेतले. प्रशालेनं घ्यावेत, कोणी अडवलंय.

बालाघाटकर
खरंबोलतो, तुमचाच आकडा पुढे नेतो. त्याच २०२५ ला लातूर विभागाचा एकूण निकाल ९२.७७, राज्याचा ९४.१०, आणि नऊ विभागांत आपल्या खाली फक्त नागपूर होतं. पहिला नंबर कोकणाचा, ९८.८२. म्हणजे राज्यातली निम्म्याहून जास्त १०० टक्केवाली पोरं आपल्याकडं आणि पास होण्यात आपण खालून दुसरे. मला तर ह्या दोन आकड्यांतच आपला सगळा प्रॉब्लेम दिसतो. आपण वरच्या दहा पोरांवर जीव तोडून मेहनत घेतो आणि त्यालाच शाळा म्हणतो, मागच्या बाकावरच्यांचं काय झालं कोणी विचारत नाही. त्यात १०० टक्के म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेच्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव मार्क. मेहनत पोरांची आहेच, ती मी कमी लेखत नाही, पण त्यावरून शाळेची पातळी ठरवू नका.

गणितमॅडम
मी अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, प्रशालेत नाही, पण पोरं साधारण तीच. दोन्ही बाजूंचं वाचलं.

मांजराकाठ ताई, तुमचा राग रास्त आहे. २०१२ ला शिक्षक भरतीवर बंदी आली, भरतीचं पवित्र पोर्टल २०१७ ला आलं आणि प्रत्यक्ष माणूस वर्गात यायला आणखी वेळ गेला, मधल्या काळात रिटायर झाले त्यांच्या जागा तशाच. वर संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, पटावर ठरतं. पट घसरला की पद जातं, पद गेलं की पालक पोर काढतात, पोर काढलं की पट अजून घसरतो. १५ मार्च २०२४ च्या जीआरनं निकष आणखी कडक केलेत. तुम्ही मुलगी काढली ती नाइलाजानं, पण त्यानं पुढच्या वर्षी तिथल्या विज्ञानाच्या पदाचा हिशोब अजून अवघड होतो हेही खरं आहे.

आता वर्गातलं सांगते. आमच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातला एक मुलगा आईबापाबरोबर गेला आणि संक्रांतीनंतर परत आला, मामाकडं राहायला. त्याला विस्तारसूत्रं तोंडपाठ होती, खाडाखोड न करता फळ्यावर लिहायचा. पण ३४३ ला ७ नं भागायला सांगितलं की खडू थांबायचा. पाचवी-सहावीचा भागाकार त्याच्या आयुष्यात आलाच नव्हता, त्या महिन्यांत तो फडावर होता. त्याच्यासाठी मी मधल्या सुट्टीत पाढ्यांपासून सुरुवात केली. दहावीला गणितात ४१ मार्क पडले त्याला. ते ४१ आणि शिकवणी लावलेल्या डॉक्टरांच्या पोराचे ९६, ह्यात मी कुठं जास्त शिकवलं ते मला पक्कं माहिती आहे. पण ४१ वाल्याचा फोटो कुठलीच शाळा छापत नाही.

आणि १७ नंबरबद्दल बालाघाटकर म्हणतात ते खरं आहे, सगळ्या शाळा करत नाहीत पण होतं, आणि शिक्षकांवर वरून दबाव असतो की यंदा निकाल पडला नाही पाहिजे. मी त्याला विरोध केलाय आणि पुढेही करणार.

खरंबोलतो
मॅडम तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्यासारख्या शाळेत एक असतात. बाकीच्यांना ही सगळी कारणं आयती मिळतात. ऊसतोडीचं पोर आहे, याला ४१ पुष्कळ, असं एकदा ठरलं की त्याच्याकडून ६० ची अपेक्षाच कोणी करत नाही. मीपण ऊसतोडीवाल्याचाच पोरगा आहे. मला माझ्या शिक्षकांनी दया दाखवली नाही, छड्या दिल्या आणि गणितात ७८ पाडले. गरिबाच्या पोराला पण तोच मापदंड पाहिजे, नाहीतर त्याला नोकरीच्या फॉर्मवर कोण विचारणार आहे की तू किती लांबून आलास.

न्यूजर्सीकर
मूळचा उदगीरचा, आता इकडे. अमेरिकेतही हाच वाद आहे म्हणून लिहितो. इथं घर घेताना आपली मराठी मंडळी आधी ग्रेटस्कूल्स नावाच्या साइटवरचं शाळेचं रेटिंग बघतात, १ ते १०, घर विकणाऱ्या साइटवर पण तेच दिसतं. ८-९ वाल्या पब्लिक हायस्कूलजवळची घरं महाग, मग तिथं पैसेवालेच राहतात, त्यांची पोरं क्लासला जातात, रेटिंग वरच राहतं. यावर टीका झाल्यावर एका वर्षात मूल किती पुढं गेलं ह्याला त्यांनी रेटिंगमध्ये जास्त वजन दिलं. खरंबोलतो यांचा मुद्दा बरोबर आहे की मापदंड खाली आणू नये. पण सुरुवात कुठून झाली हे मोजणं म्हणजे दया नाही हो, मॅडमनी त्या मुलाला भागाकारापासून उचललं ते मोजायला नको?

मांजराकाठ
तुमच्याकडं निदान कोणीतरी मोजतंय. इथं मला असा आकडा कोण देणार?

प्रशालेचा_विद्यार्थी
थोडं जुनं सांगतो, नवीन पोरांना माहिती नसतं. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूलं संस्थांनी काढली, रयत १९१९ ची. आपल्याकडं निजामाचं राज्य, सरकारी हायस्कूलं मोजकी, तीही उर्दूतून. १९४८ नंतर मराठी आलं, १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि सरकारी हायस्कूलं त्यांच्याकडं आली, म्हणून मराठवाड्यात जि.प. ची 'प्रशाला' असते, पुण्याकडच्या माणसाला तो शब्द सांगावा लागतो. तेव्हा तालुक्यातली ती एकच. तहसीलदाराचं पोर आणि हमालाचं पोर एका बाकावर. शाळेत काही बिघडलं तर तहसीलदारच हेडमास्तरांना विचारायचे.

मग १९९० नंतर इंग्लिश स्कूलं निघाली, आधी डॉक्टर-वकिलांची पोरं गेली, मग शिक्षकांचीच, मग दुकानदारांची. ज्यांचा आवाज ऐकला जायचा ते सगळे गेले. आता शौचालयाला पाणी नसलं तर तक्रार कोण करणार, ज्याची मजुरी बुडते तो? मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढले, तिथं मोबाईलची दुकानं आहेत, लांब उडीचा खड्डा गाळ्यांच्या मागं गेला. गाव तेव्हा गप्प बसलं. आता तेच गाव म्हणतंय शाळा गेली. मला ह्याचा फार त्रास होतो, शाळा आपोआप गेली नाही, आपण तिला सोडून आलो.

शिवारातली
सगळे मार्कांवर बोलताय. मुलींच्या घरात काय बघतात ते सांगू का? मी वाडीवरनं प्रशालेत यायची, सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस, आठवी ते बारावीच्या मुलींना फुकट. ती बस होती म्हणून माझी दहावी झाली, नाहीतर आठवीनंतर लग्नाचंच चाललं होतं. खासगी शाळेची व्हॅन वाडीवर येत नव्हती. आता माझ्या भाचीच्या वेळेला आई विचारते की शाळेत मॅडम किती आहेत, संडासाला कडी आहे का, बस सुटायच्या आत शाळा सुटते का. हे कुठल्या फ्लेक्सवर असतं? दहावीपर्यंत किती मुली टिकल्या हा आकडा मला निकालापेक्षा मोठा वाटतो. त्या हिशोबानं आमची प्रशाला तालुक्यात सगळ्यात पुढं आहे असं मी कोणालाही तोंडावर सांगेन.

खरंबोलतो
ताई, हे पटलं, बसचा मुद्दा आमच्या लक्षातच नव्हता. तरी दहावीला टिकलेल्या मुलीला विज्ञान शिकवायला माणूस पाहिजे ना. टिकणं आणि शिकणं दोन्ही मागा. मी निकालाचा हट्ट सोडणार नाही.

बालाघाटकर
सोडू नका, फक्त निकालाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारू. मांजराकाठ ताई, तुम्ही विचारलं आकडा कोण देणार. एक, प्रत्येक शाळा दरवर्षी यूडायसला, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या नोंदणीत, वर्गवार पट भरते. मागच्या वर्षीचा नववीचा पट आणि यंदा दहावीला बसलेली पोरं समोरासमोर ठेवा, गळती लगेच दिसते. बदलून आलेली-गेलेली पोरं वजा करावी लागतील, तेवढं दाखल खारीज रजिस्टर बघून होतं. खासगी शाळेलाही हेच विचारा, फी भरताय, तुमचा हक्क आहे. दोन, एनएमएमएस. आठवीच्या पोरांची शिष्यवृत्तीची परीक्षा, सरकारी, जि.प., नगरपालिका आणि अनुदानित शाळांचीच पोरं बसतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, लागली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. पेपर बाहेरचा, म्हणजे खरंबोलतो यांची अट पण पूर्ण. विनाअनुदानित इंग्लिश स्कूल ह्या यादीत येऊच शकत नाही, म्हणून गावात ह्या यादीची चर्चा होत नाही. प्रशालेतून दरवर्षी पोरं लागतात, लावा त्यांचा फ्लेक्स, पैसे मी देतो. तीन, विषयवार रिकामी पदं. ही तर शाळा व्यवस्थापन आणि विकास समितीच्या मिटिंगमध्ये लेखी मागता येतात, पालक सदस्य असतात त्यात.

गणितमॅडम
चौथी पण घाला. नववीत नापास केलेल्या पोरांची नावं आणि पुढच्या वर्षी ती कुठं आहेत. त्याच शाळेत परत नववीला बसली, की १७ नंबरला गेली, की कामाला लागली. हे विचारलं की मुख्याध्यापक लोक अस्वस्थ होतात, आमचेही होतात.

मांजराकाठ
विचारते. दोन्हीकडं विचारते, पोरगी आहे तिथंपण. पण बालाघाटकर दादा, तुम्ही माजी विद्यार्थी मिळून जिल्हा परिषदेत जाऊन विज्ञानाच्या पदाचं काहीतरी करा, फ्लेक्सचे पैसे त्या जाण्यायेण्यात घाला. माझा धाकटा यंदा सातवीला आहे. आठवीला कुठं घालायचा ते मे महिन्यात ठरवणार आहे, तोवर सर आले तर मी त्याला प्रशालेत घालते, नाही आले तर नाही.