लाटेकमध्ये अख्ख्या परिच्छेदाला सलग ग्रेडियंट कसा द्यायचा?

प्रश्न:
लुआलाटेक (लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचा एक प्रकार) आणि देवनागरी मजकूर. पाच-सहा ओळींच्या परिच्छेदात प्रत्येक ओळीची डावी कड निळी आणि उजवी जांभळी हवी आहे. ग्रेडियंट-टेक्स्ट पॅकेज अक्षरागणिक रंग बदलतं; त्यात जोडाक्षरं तुटतात आणि पहिली ओळ निळसर, शेवटची जांभळी होते. पीडीएफमधून मजकूर कॉपीही व्हायला हवा.

उत्तर १:
अक्षरं रंगवूच नका. रंगाचा आयत काढा आणि अक्षरांचा मास्क (अक्षरांच्या आकारापुरताच रंग दिसू देणारा थर) लावा. चित्रं काढायच्या टिकझेड पॅकेजची फेडिंग्ज लायब्ररी घ्या. परिच्छेद ठरावीक रुंदीच्या मिनीपेज चौकटीत घालून सेव्हबॉक्समध्ये (जुळवलेला मजकूर साठवणाऱ्या बॉक्समध्ये) ठेवा, म्हणजे ओळी एकदाच तुटतील. मग टिकझेडफेडिंगफ्रॉमपिक्चर एन्व्हायर्नमेंटमध्ये (हाच मास्क) एका नोडात, म्हणजे टिकझेडच्या मजकूर-चौकटीत, तो बॉक्स टाका, इनर सेप (चौकटीच्या आतली मोकळी कड) २ पॉइंट. आता टिकझेडपिक्चरमध्ये आयत भरा: लेफ्ट कलर निळा, राइट कलर जांभळा, पाथ फेडिंगला मास्कचं नाव. आयताची रुंदी बॉक्सपेक्षा ४ पॉइंट जास्त. उंचीत बॉक्सची हाइट (बेसलाइनच्या वरचा भाग) अधिक डेप्थ (बेसलाइनखालचा भाग) अधिक ४ पॉइंट. नुसती हाइट घेतलीत तर अक्षरं उभी दाबली जातात. फिट फेडिंग फॉल्स केलंत तर मास्क ताणला न जाता फक्त मध्यावर बसतो, तेच ठेवा.

प्रश्नकर्ता:
केलं, पण पान कोरंच येतंय. एररही नाही.

उत्तर १:
मजकूर काळा राहिलाय. मास्कमध्ये पांढरं म्हणजे पूर्ण दिसणारं, काळं म्हणजे पूर्ण पारदर्शक. नोडाला रंग देऊन उपयोग नाही, कारण सेव्हबॉक्स भरतानाचा रंग आत पक्का होतो. बॉक्स भरतानाच मिनीपेजच्या सुरुवातीला पांढरा रंग लावा.

उत्तर २:
कॉपीसाठी त्याच चित्रात, आयताच्या मध्यावर, तोच बॉक्स टेक्स्ट ओपॅसिटी ० (पूर्ण पारदर्शक) देऊन आणखी एका नोडात ठेवा. मास्कमधला मजकूर सहसा निवडता येत नाही, हा येतो. बॉक्स दोनदा वापरल्यामुळे त्यातली लेबलं (क्रॉस-रेफरन्सच्या खुणा) दोनदा नोंदली जाऊ शकतात. शिवाय हा बॉक्स दोन पानांत विभागला जाणार नाही. मजकूर लांब असेल तर दोन बॉक्स करा.

उत्तर ३:
पीडीएफ/ए-१ (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रमाणित प्रकार) हवं असेल तर ही वाट बंद आहे, त्यात पारदर्शकता चालतच नाही. तिथे टेक्स्ट रेंडरिंग मोड ७ वापरावा लागतो: अक्षरांचीच क्लिप (बाहेरचं सगळं कापणारा आकार) होते, तिच्यावर शेडिंग ओतायचं. मजकूर खरा राहतो, त्यामुळे कॉपीही होतो. मोडचा लिटरल (पीडीएफमध्ये थेट लिहायची आज्ञा) ‘डायरेक्ट’ द्या, नाहीतर टेक्स्ट ऑब्जेक्ट (पीडीएफमधला मजकुराचा सलग तुकडा) तिथेच बंद होतो. परिच्छेदात मधेच अधोरेखा किंवा अपूर्णांकाची रेघ आली तरी तो बंद होतो. पुढच्या तुकड्याची क्लिप आधीच्या क्लिपला छेदते, दोन्हींत सामायिक भाग नसतो आणि सगळंच गायब होतं. साध्या, एकसंध मजकुरालाच हे वापरा.